घर कुठे, कर कुठे?

महाराष्ट्रातल्या पगारदार माणसाच्या पगारपत्रकावर कपातीच्या बाजूला दोन नोंदी असतात. एक प्राप्तिकराची आणि दुसरी व्यवसाय कराची. व्यवसाय कर ठरावीक पगारापुढे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाचे २,५००. ही कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने घालून दिली आहे. रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली हा कर बसवला आणि पगारापर्यंत राज्य सरकारचा हात पोचतो तो एवढाच. बाकी सारा प्राप्तिकर केंद्राचा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीतली ८२वी नोंद शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर केंद्राकडे देते; शेतीच्या उत्पन्नावरचा कर तेवढा राज्यांकडे ठेवते. त्यामुळे पुण्याचा माणूस बदली होऊन पाटण्याला गेला तरी त्याचे विवरणपत्र बदलत नाही, दर बदलत नाहीत आणि ते भरायची जागाही बदलत नाही. आपण कुठे राहतो हा प्रश्न भारतातल्या प्राप्तिकराला देशाच्या सीमेवरच पडतो, राज्याच्या सीमेवर नाही.

याच पगारदाराची मुलगी अमेरिकेत जाते, जर्सी सिटीत भाड्याने घर घेते आणि रोज हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनमध्ये कामाला जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोनवर ती सांगते, ‘‘बाबा, मला तीन रिटर्न भरायचेत.’’ वडिलांना वाटते, काहीतरी घोटाळा झाला. घोटाळा नसतो. एक विवरणपत्र अमेरिकी केंद्र सरकारला, एक न्यूयॉर्क राज्याला आणि एक न्यू जर्सी राज्याला. पैसा तोच, मिळवणारी तीच. पण विचारणारे तिघे आणि तिघांचे प्रश्न वेगळे. केंद्राचा प्रश्न असतो, तू कोण? राज्याचा प्रश्न असतो, तुझे घर कुठे आणि हा पैसा तू कुठे बसून मिळवलास? वरवर पाहता पहिला प्रश्न अवघड वाटतो. प्रत्यक्षात माणसे अडतात ती दुसऱ्यावर.

दोन सरकारे, दोन कर

भारतातला प्राप्तिकर १८५७च्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी १८६० साली जेम्स विल्सनने आणला. अमेरिकेतला पहिला प्राप्तिकरही युद्धाचेच अपत्य. यादवी युद्धासाठी १८६१ साली कायदा झाला, १८६२च्या कायद्याने वसुली सुरू झाली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांनी तो कर गेला. १८९४ साली काँग्रेसने तो पुन्हा आणला, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘पोलॉक’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द ठरवला. प्रत्यक्ष कर राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घेतला पाहिजे, ही घटनेतली अट आड आली. ती अट दूर करायला घटनाच बदलावी लागली. फेब्रुवारी १९१३ मध्ये सोळावी दुरुस्ती मंजूर झाली, ऑक्टोबरमध्ये कायदा आला आणि आजही त्याच क्रमांकाने ओळखला जाणारा ‘फॉर्म १०४०’ जन्माला आला. तेव्हा ३,००० डॉलरपर्यंत कर नव्हता आणि त्यापुढे मूळ दर १ टक्का होता.

राज्यांना मात्र अशा परवानगीची गरज नव्हती. विस्कॉन्सिनने १९११ सालीच, म्हणजे केंद्राच्या दोन वर्षे आधी, आधुनिक पद्धतीचा प्राप्तिकर यशस्वी करून दाखवला होता. अमेरिकेत राज्याचा प्राप्तिकर हा केंद्राच्या कराला जोडलेला उपकर नाही. तो स्वतंत्र सत्तेने, स्वतंत्र कायद्याने बसवलेला कर आहे. म्हणूनच तो नसण्याचे स्वातंत्र्यही राज्याला आहे. अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या ९ राज्यांत पगारावर राज्याचा कर नाही. उरलेल्या ४१ राज्यांत आणि राजधानीच्या प्रदेशात आहे आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पेनसिल्व्हेनियात श्रीमंत-गरीब सगळ्यांना सरसकट ३.०७ टक्के, कॅलिफोर्नियात चढत्या पायऱ्या आणि सर्वांत वरची पायरी १३.३ टक्क्यांची. काही ठिकाणी राज्याच्या खाली तिसरा थरही असतो. न्यूयॉर्क शहरातल्या रहिवाशांना शहराचा, मेरीलँडमध्ये काउंटीचा, फिलाडेल्फियात पगारावर शहराचा कर द्यावा लागतो.

तू कोण?

केंद्राचे विवरणपत्र कुणी कोणते भरायचे, हे नागरिकत्वावर आणि वास्तव्यावर ठरते. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक जगात कुठेही मिळवलेले उत्पन्न ‘फॉर्म १०४०’वर दाखवतात. इतरांसाठी दिवसांचे गणित असते. चालू वर्षातले सगळे दिवस, गेल्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश, यांची बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस वास्तव्य असले, तर तो माणूस करापुरता अमेरिकेचा निवासी.

हे गणित फक्त तिथे नोकरी करणाऱ्यांपुरते नाही. दरवर्षी उन्हाळ्यात नातवंडांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनाही ते लागू होते. वर्षाला १२० दिवस राहिले तर तिसऱ्या वर्षी बेरीज १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८० होते आणि ते सुटतात. १२२ दिवस राहिले तर बेरीज बरोबर १८३ होते. दोन दिवसांच्या फरकाने त्यांचे पेन्शन आणि बँकेतल्या ठेवींचे व्याज अमेरिकी कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. यावर उपाय कायद्यातच आहे. चालू वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलेल्या आणि ज्याचे घर, कुटुंब, व्यवहार मायदेशी अधिक घट्ट आहेत अशा माणसाने ‘फॉर्म ८८४०’ भरून तसे सांगायचे. मात्र ते मुदतीत सांगावे लागते. कुणी आपणहून समजून घेत नाही.

विद्यार्थ्यांची गोष्ट उलटी. एफ-१ व्हिसावर आलेल्याचे दिवस साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजलेच जात नाहीत. तो अनिवासी राहतो, ‘१०४०-एनआर’ भरतो आणि काहीही कमाई नसली तरी ‘फॉर्म ८८४३’ पाठवतो. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या १९८९च्या करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला एक सवलत आहे, जी बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. अनिवासी असूनही त्याला प्रमाणित वजावट घेता येते. नेहमीची चूक होते ती अशी : बाजारातली बरीचशी सॉफ्टवेअर निवासींसाठी केलेली असतात. विद्यार्थी त्यात आकडे भरतो, निवासीचे विवरणपत्र तयार होते आणि त्याला हक्क नसलेल्या सवलतीही मिळून जातात. परतावा जास्त आला म्हणून तो खूश असतो. चूक उमगल्यावर दुरुस्तीचा ‘१०४०-एक्स’ भरून जादा आलेला पैसा परत करावा लागतो.

निवासी झाल्यावर मायदेशीचे व्यवहारही मोजले जातात. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त, पण अमेरिकेत करपात्र. देशाबाहेरच्या सगळ्या खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी त्याची माहिती ‘एफबार’ नावाच्या वेगळ्या नमुन्यात वेगळ्या खात्याकडे द्यावी लागते. त्यावर कर नसतो, पण न दिल्यास दंड मोठा असतो. आपल्याकडे आई-वडिलांच्या खात्यावर मुलाचे नाव सोयीसाठी दुसरे म्हणून घातलेले असते. पैसा आई-वडिलांचा असला तरी ते खाते मुलाच्या यादीत येते.

कागद कुठून कुठे जातो

मालक ३१ जानेवारीपर्यंत ‘डब्ल्यू-२’ नावाचा कागद देतो. आपल्याकडच्या ‘फॉर्म १६’चा हा भाऊ. त्याच्या पहिल्या रकान्यात केंद्राच्या हिशेबाने करपात्र पगार असतो. तळाशी, १५व्या रकान्यापासून पुढे, कोणत्या राज्याच्या नावाने किती पगार दाखवला आणि किती कर कापला, ते असते. अनुभवी माणूस आधी हा तळ वाचतो. तिथे दोन राज्यांची नावे दिसली की राज्यांची दोन विवरणपत्रे आलीच म्हणायची. मात्र मालकाने चुकीच्या राज्याचा कर कापला म्हणून ते राज्य आपले ठरत नाही. तिथे विवरणपत्र भरून पैसे परत मागायचे आणि खऱ्या राज्याला त्याचा कर द्यायचा, असा दुहेरी खटाटोप मग करावा लागतो.

क्रम ठरलेला आहे. आधी केंद्राचे विवरणपत्र तयार करायचे, कारण बहुतेक राज्यांचा हिशेब केंद्राच्या विवरणपत्रातल्या ‘समायोजित एकूण उत्पन्ना’च्या किंवा करपात्र उत्पन्नाच्या आकड्यापासून सुरू होतो. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांसारखी थोडी राज्ये स्वतःच्या व्याख्येने पहिल्यापासून मोजतात. मग जिथे फक्त काम केले त्या राज्याचे आणि सगळ्यांत शेवटी घरच्या राज्याचे. हा शेवटचा क्रम का, ते पुढे येईल.

आता बहुतेक जण ऑनलाइनच भरतात आणि केंद्राचे व राज्याचे विवरणपत्र एकाच सॉफ्टवेअरमधून जाते. त्यामुळे ते एकाच ठिकाणी पोचते असा समज होतो. कागदावर भरणाऱ्याला फरक लगेच कळतो. केंद्राचे पाकीट माणूस कोणत्या राज्यात राहतो आणि सोबत पैसे आहेत की नाहीत, यावरून ठरलेल्या पत्त्यावर जाते. ऑस्टिन, कॅन्सस सिटी आणि ऑग्डेन ही त्यासाठीची मोठी केंद्रे. राज्याचे पाकीट त्या राज्याच्या करखात्याला. दोन्ही एका पाकिटात घालून चालत नाही.

केंद्राची मुदत १५ एप्रिल. १९१३च्या कायद्यात ती १ मार्च होती, पुढे १५ मार्च झाली आणि १९५४च्या कायद्यापासून १५ एप्रिल. बहुतेक राज्यांनी तीच तारीख घेतली आहे, पण आयोवाची ३० एप्रिल आणि व्हर्जिनियाची १ मे. ‘फॉर्म ४८६८’ भरला की केंद्राची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. ही वाढ कागद भरायला असते, पैसे भरायला नसते. विवरणपत्र न भरण्याचा दंड देय कराच्या दरमहा ५ टक्के, तर पैसे न भरण्याचा अर्धा टक्का. म्हणून हातात पैसे नसले तरी कागद वेळेवर भरावा.

घर कुठे?

राज्याच्या नजरेत माणसे तीन प्रकारची : वर्षभराचे रहिवासी, वर्षाच्या काही भागाचे रहिवासी आणि अनिवासी. रहिवाशाच्या साऱ्या उत्पन्नावर राज्याचा हक्क, मग ते कुठेही मिळवलेले असो. अनिवासीच्या फक्त त्या राज्यात मिळवलेल्या उत्पन्नावर. तेव्हा जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनमध्ये काम करणारी आपली मुलगी न्यूयॉर्कमध्ये अनिवासी म्हणून ‘आयटी-२०३’ भरते आणि न्यू जर्सीत रहिवासी म्हणून ‘एनजे-१०४०’.

मग एकाच पगारावर दोनदा कर? नाही. न्यूयॉर्कला दिलेल्या कराचे श्रेय न्यू जर्सी देते, पण आपला स्वतःचा कर जेवढा होईल तेवढ्यापुरतेच. समजा, त्याच पगारावर न्यूयॉर्कचा कर ७,००० आणि न्यू जर्सीचा ५,००० होतो. न्यू जर्सी ५,००० सोडून देते आणि एकूण भार ७,००० राहतो. थोडक्यात, दोन्हींपैकी जो जास्त तेवढा. हे श्रेय मागायला न्यूयॉर्कचा आकडा आधी हातात हवा, म्हणून घरचे राज्य शेवटी. काही शेजारी राज्यांनी आपसांत करार करून ही यातायात वाचवली आहे. फिलाडेल्फियात नोकरी करणाऱ्या न्यू जर्सीकराच्या पगारावर पेनसिल्व्हेनिया राज्य कर घेत नाही. फिलाडेल्फिया शहराचा पगारकर मात्र सुटत नाही.

वर्षाच्या मध्यात माणूस राज्य बदलतो तेव्हा दोन्हीकडे ‘काही भागाचा रहिवासी’ म्हणून विवरणपत्र जाते. नवे राज्य टेक्सास असेल तर तिथे काहीच भरायचे नसते, पण जुन्या राज्याचे चुकत नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क आधी संपूर्ण उत्पन्नावर कर काढतात आणि मग त्याचा आपला हिस्सा घेतात. त्यामुळे तिथे तीन महिन्यांचीच कमाई असली तरी दर मात्र वर्षभराच्या कमाईचा लागतो.

इथवर सगळे हिशेबाचे झाले. खरा वाद ‘रहिवासी’ या शब्दावर होतो. आपल्याकडे १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे देऊन अधिवासाचा दाखला मिळतो. अमेरिकेत असा दाखला कुणी देत नाही. तिथे अधिवास म्हणजे जे कायमचे घर आहे आणि बाहेर गेल्यावर जिथे परतायचा मनसुबा आहे ती जागा. घरे कितीही असोत, अधिवास एका वेळी एकच. आणि दुसरा प्रस्थापित केल्याशिवाय पहिला सुटत नाही. मनसुबा कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो, म्हणून न्यूयॉर्कचे तपासनीस पाच गोष्टी बघतात : घर, व्यवसायातला सहभाग, कुठे किती दिवस घालवले, जिवाभावाच्या वस्तू कुठे ठेवल्या आणि कुटुंब कुठे आहे. चौथ्या कसोटीला तिथे गमतीने ‘टेडी बेअर’ची कसोटी म्हणतात. जुने फोटो, आजीचे दागिने, लहानपणीचे खेळणे माणसाने ज्या घरात ठेवले, ते घर त्याचे खरे.

अधिवास दुसरीकडे असूनही न्यूयॉर्क एखाद्याला रहिवासी ठरवू शकते. राज्यात कायमची राहण्याची जागा आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस हजेरी, एवढे पुरते. दिवसातला थोडा वेळही पूर्ण दिवस धरला जातो. जॉन गाएड न्यू जर्सीत राहत आणि स्टॅटन आयलंडवर त्यांचे मोटारदुरुस्तीचे दुकान होते. दुकानाजवळ त्यांनी एक इमारत घेतली आणि तिथे आई-वडिलांना ठेवले. वडिलांच्या आजारपणात कधीमधी ते तिथल्या कोचावर झोपत. न्यूयॉर्क राज्याने ते घर त्यांचेच धरून साऱ्या उत्पन्नावर कर मागितला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये निकाल लागला की घर नुसते मालकीचे असून भागत नाही, ते राहण्यासाठी त्या माणसाचे असले पाहिजे. आई-वडिलांची सोय करणे म्हणजे तिथला रहिवासी होणे नव्हे, एवढे ठरायला २००१ ते २००३ या वर्षांच्या कराचा वाद दशकभर चालला.

काम कुठे केले, हाही प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. एडवर्ड झेलिन्स्की हे कायद्याचे प्राध्यापक कनेक्टिकटमध्ये राहत, न्यूयॉर्कमध्ये शिकवत आणि उरलेले दिवस घरून लेखन-वाचन करत. न्यूयॉर्कचा नियम असा की घरून काम मालकाच्या गरजेपोटी नसून स्वतःच्या सोयीसाठी असेल तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. २००३ मध्ये तिथल्या न्यायालयाने हा नियम उचलून धरला. तेव्हा तो थोड्या लोकांचा प्रश्न होता. करोनाने तो लाखोंचा केला. न्यू हॅम्पशायरमध्ये घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांवर मॅसॅच्युसेट्सने कर लावला, म्हणून न्यू हॅम्पशायर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. जून २०२१ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दुहेरी कराबाबत मात्र २०१५च्या ‘विन’ खटल्यात त्याच न्यायालयाने मेरीलँडला अडवले होते. बाहेरच्या राज्यांत दिलेल्या कराचे श्रेय काउंटीच्या करातही न देणे म्हणजे राज्याची सीमा ओलांडून कमावणाऱ्याला शिक्षा करणे, असा त्याचा आशय.

हे संरक्षण राज्याराज्यांमधले आहे, देशादेशांमधले नाही. पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यावर भारतात भरलेल्या कराचे श्रेय केंद्राच्या ‘फॉर्म १११६’वर मिळते, कॅलिफोर्नियाच्या विवरणपत्रावर मिळत नाही. भारताशी करार वॉशिंग्टनने केला आहे आणि कॅलिफोर्निया स्वतःला त्याने बांधून घेत नाही.

प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, या घोषणेतून ज्या देशाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले, त्याच देशात रोज नदी ओलांडणारी माणसे जिथे कर देतात तिथे मत देऊ शकत नाहीत. अनिवासींवर कर लावण्याचा राज्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्येच मान्य केला. मात्र त्याच वर्षी, रहिवाशांना दिलेल्या सवलती अनिवासींना नाकारणे घटनाबाह्य आहे असेही न्यूयॉर्कला बजावले. म्हणजे मत मिळाले नाही, समान वागणूक मिळाली. एच-१बी व्हिसावरच्या आपल्या मुलांना तर घरच्या राज्याच्या निवडणुकीतही मत नाही. त्यांच्या हाती उरते ते आपले विवरणपत्र बरोबर भरणे आणि जास्त घेतलेले परत मागणे.

दिवाळी अंक हाती येतो तेव्हा अमेरिकेचे करवर्ष संपायला दोनेक महिने उरलेले असतात. ही वेळ सोयीची आहे. वर्षभरात कोणता दिवस कुठे घालवला याची यादी करावी, घर बदलले असेल तर भाडेकराराच्या आणि वाहन परवान्याच्या तारखा काढून ठेवाव्यात, मालकाने कोणत्या राज्याच्या नावाने कर कापला ते पगारपत्रकावर पाहावे आणि चुकीचे असेल तर आत्ताच बदलून घ्यावे. पुण्या-नाशकातल्या आजी-आजोबांनीही पासपोर्टवरचे शिक्के एकदा मोजून पाहावेत.